महाराष्ट्रातली ख्रिस्ती कॉलेजं: बारावीनंतरचा प्रवेश, अल्पसंख्याक कोटा आणि दाखल्यांची भानगड

नेवासे_फाटा (प्रश्न)

नमस्कार. मुलगी बारावी सायन्सला आहे (पीसीएमबी), राज्य मंडळ, अहिल्यानगर जिल्हा. कुटुंब ख्रिस्ती, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, प्रोटेस्टंट) चर्चचं. डोक्यात तीन वाटा आहेत: चांगल्या कॉलेजात बी.एससी., मुंबईत इंजिनिअरिंग, नाहीतर पुण्याचं स्पायसर विद्यापीठ. माहिती हवी आहे ती अशी:

१) राज्यात खरोखर ख्रिस्ती संस्थांची म्हणावीत अशी कॉलेजं कोणती? नावात 'सेंट' असलं म्हणजे झालं का?
२) अल्पसंख्याक कोटा नेमका किती आणि तो कुठे मागायचा? कॅथलिक कॉलेजात प्रोटेस्टंट मुलीला तो मिळतो का?
३) शाळेच्या दाखल्यावर 'हिंदू महार' लिहिलंय. बाप्तिस्म्याचा दाखला चर्चमधून मिळेल. एवढ्यावर भागेल का?
४) स्पायसरची पदवी सरकारी नोकरीला चालते का?

---

खडू_आणि_फळा

पहिल्या दोन प्रश्नांचं सांगतो, पदवी कॉलेजांपुरतं. इंजिनिअरिंगचं गणित वेगळं आहे, ते दुसरं कुणी सांगेल.

नावावर जाऊ नका. पुण्याचं सेंट मीराज साधू वासवानी मिशनचं आहे. ती मीरा म्हणजे आपली मीराबाई. उलट विल्सन, हिस्लॉप आणि तुमच्या घरचं अहमदनगर कॉलेज यांच्या नावात एकही संत नाही, पण तिन्हींची मुळं ख्रिस्ती आहेत. गिरगाव चौपाटीसमोरचं विल्सन स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांच्या १८३२ च्या शाळेतून वाढलं, म्हणजे मुंबई विद्यापीठापेक्षा (१८५७) पंचवीस वर्षांनी थोरलं. अहमदनगर कॉलेज १९४७ साली डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी काढलं. कॅथलिक बाजूला धोबी तलावचं सेंट झेवियर्स (१८६९, जेजुइट), ब्रीच कँडीचं सोफिया (फक्त मुलींचं, सेक्रेड हार्ट संघाच्या सिस्टरांचं), वांद्र्याचं सेंट अँड्र्यूज (१९८३, मुंबई महाधर्मप्रांताचं) आणि वसईचं संत गोन्सालो गार्सिया. यादी याहून लांब आहे, पण चर्चा फिरून फिरून इथेच येते.

'ख्रिस्ती कॉलेज' आणि 'ख्रिस्ती अल्पसंख्याक दर्जा असलेलं कॉलेज' या दोन गोष्टी आहेत. कोटा दुसऱ्यालाच. दर्जाचं प्रमाणपत्र राज्याचा अल्पसंख्याक विकास विभाग किंवा दिल्लीचा राष्ट्रीय अल्पसंख्याक शैक्षणिक संस्था आयोग (२००४ च्या कायद्याने झालेला) देतो. माहितीपुस्तिकेत ते छापलेलं असतं. नसेल तर ऑफिसात विचारा, लपवण्यासारखं त्यात काही नाही.

अनुदानित पदवी अभ्यासक्रमांत निम्म्या जागा अल्पसंख्याकांसाठी, हे साधारण धरून चाला. ५० टक्क्यांचा आकडा सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या सेंट स्टीफन्स निकालातून आला. पुढे २००२ च्या टी. एम. ए. पै निकालाने 'सगळीकडे सरसकट ५०' ही ताठर रेघ सैल केली, पण आपल्याकडच्या व्यवहारात निम्म्याचंच चालतं. अल्पसंख्याक कोण, हे राज्याच्या लोकसंख्येवरून ठरतं. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती १०,८०,०७३ होते, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी.

अर्ज करताना पालक हटकून चुकतात त्या जागा:

इन-हाऊस मुलं आधी. झेवियर्स किंवा सोफियाच्या स्वतःच्या ज्युनिअर कॉलेजातून बारावी झालेल्यांना पदवीला प्राधान्य असतं. बाहेरून येणाऱ्यांना उरलेल्या जागा, म्हणून छापील कटऑफ भीतीदायक दिसतो. तुमची मुलगी बाहेरची असल्याने गेल्या वर्षीची *अल्पसंख्याक* गुणवत्ता यादी शोधा, खुली यादी बघून हातपाय गाळू नका.

विद्यापीठाची नोंदणी वेगळी, कॉलेजचा अर्ज वेगळा. मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजांसाठी आधी विद्यापीठाच्या पोर्टलवर प्रवेशपूर्व नोंदणी करायची, तिची प्रत काढायची आणि मग कॉलेजच्या संकेतस्थळावर त्यांचा अर्ज भरायचा. पहिलं केलं आणि दुसरं राहिलं, असं दर वर्षी होतं. कोट्याचा रकानाही कॉलेजच्याच अर्जात असतो. तो न भरता नंतर 'आम्ही ख्रिस्ती आहोत' म्हणून खिडकीशी उभं राहिलं तर कुणी ऐकत नाही. यादी लागल्यावर फी भरायला दोन-तीन दिवस मिळतात, त्यामुळे मूळ कागद गावाकडे ठेवून येऊ नका.

अनुदानित की विनाअनुदानित? एकाच इमारतीत साधं बी.एससी. काही हजारांत होतं आणि शेजारच्या वर्गातलं 'सेल्फ फायनान्स' बी.एससी. त्याच्या कित्येक पट फी घेतं. पुस्तिकेत कोर्सच्या नावापुढे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते वाचा.

आता कॅथलिक-प्रोटेस्टंट. काही संस्था आधी कॅथलिक, मग इतर ख्रिस्ती असा क्रम लावतात, काही सरसकट 'ख्रिस्ती' धरतात. नियम पुस्तिकेत असतोच. तुमच्या मुलीला विल्सनमध्ये हा प्रश्न फारसा आडवा येऊ नये.

झेवियर्स २०१० पासून स्वायत्त आहे. म्हणजे अभ्यासक्रम, पेपर आणि निकाल कॉलेजचा, पदवी मात्र मुंबई विद्यापीठाचीच. स्वायत्त कॉलेजात अंतर्गत मूल्यमापन वर्षभर चालू असतं, त्यामुळे शेवटच्या महिन्यात रट्टा मारून निभावत नाही. मायक्रोबायॉलॉजी आणि लाइफ सायन्स हे दोन्ही विषय तिथे आहेत.

---

कॅप_राउंड

इंजिनिअरिंगचं माझ्याकडून.

ख्रिस्ती संस्थांची नेहमी विचारली जाणारी: वांद्र्याचं फादर कॉन्सेसाव रॉड्रिग्ज (लोक 'फादर अ‍ॅग्नेल' म्हणतात, १९८४), वाशीचं फादर सी. रॉड्रिग्ज (१९९४), बोरिवलीचं सेंट फ्रान्सिस (१९९९), कुर्ल्याचं डॉन बॉस्को (२००१), माहीमचं झेवियर (२००५). मुंबईबाहेर पालघरचं सेंट जॉन आणि नागपूरचं सेंट व्हिन्सेंट पलोटी. वांद्रे आणि वाशी दोन्हीकडे 'अ‍ॅग्नेल' म्हणतात, पर्याय भरताना संस्थेचा कोड नीट बघा. माहीमचं झेवियर म्हणजे धोबी तलावचं झेवियर्स नव्हे, हेही सांगून ठेवतो. दोन्ही जेजुइटांची, पण प्रवेशाचा एकमेकांशी संबंध नाही.

इथे कोटा ५० नाही, ५१ टक्के. २०१५ च्या राज्याच्या प्रवेश व शुल्क नियमन कायद्याने विनाअनुदानित अल्पसंख्याक व्यावसायिक संस्थांना किमान ५१ टक्के जागा राज्यातल्या त्या समाजाच्या मुलांमधून भरायच्या असतात. जागा कॅपमधून, म्हणजे सीईटी सेलच्या केंद्रीय प्रक्रियेतूनच भरल्या जातात. कॉलेजात जाऊन फादरना भेटून यातलं काहीही होत नाही.

क्रम असा:

एमएचटी-सीईटीचा पीसीएम गट द्या. पीसीबी गट वेगळा असतो, पीसीएमबीवाल्यांना दोन्ही देता येतात.

कॅप नोंदणीत 'धार्मिक अल्पसंख्याक' इथे होय करून 'ख्रिश्चन' की 'रोमन कॅथलिक' ते निवडायचं. इथेच सगळी मेख आहे. संस्थांच्या अधिकृत यादीत काहींपुढे 'धार्मिक अल्पसंख्याक – ख्रिश्चन' असतं, तर काहींपुढे 'धार्मिक अल्पसंख्याक – रोमन कॅथलिक'. सीएनआयची मुलगी दुसऱ्या प्रकारच्या संस्थेत कोट्यात बसत नाही, तिथे ती सर्वसाधारण जागेवर. पर्याय भरण्याआधी प्रत्येक कॉलेजपुढचा हा शेरा कागदावर उतरवून घ्या.

विहित नमुन्यातलं अल्पसंख्याक असल्याचं प्रतिज्ञापत्र, महाराष्ट्राचा अधिवास दाखला आणि शाळेचा दाखला जोडा. छाननीत शेरा पडला तर दुरुस्तीसाठी थोडेच दिवस मिळतात. रोज लॉगिन करून बघा, एसएमएसच्या भरवशावर राहू नका.

मागच्या वर्षीच्या कटऑफच्या पीडीएफमध्ये 'एमआय' असा रकाना शोधा. अल्पसंख्याक जागा तिथे दिसतात. ख्रिस्ती मुलांची संख्याच कमी असल्याने हा आकडा सर्वसाधारण आकड्याच्या बराच खाली असू शकतो, आणि कॉम्प्युटरसोडून इतर शाखांत तर फरक आणखी वाढतो. न भरलेल्या अल्पसंख्याक जागा पुढे सर्वसाधारणमध्ये वळतात. त्यामुळे 'थांबून बघू' हा डाव कोट्यातल्या मुलीने खेळू नये.

२०२५ पासून फेऱ्या चार झाल्या. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं, दुसरीत पहिल्या तीनपैकी, तिसरीत पहिल्या सहापैकी काही मिळालं की जागा आपोआप पक्की होते. म्हणून आधी 'मिळणारी' आणि मग 'हवी असलेली' अशी यादी लावू नका. हवी ती सर्वात वर.

अजून एक. अल्पसंख्याक संस्थेत ओबीसी, एससी वगैरे राखीव जागा नसतात. घटनेच्या कलम १५(५) मध्येच त्यांना वगळलं आहे. ओबीसी प्रमाणपत्र असेल तर त्याचा उपयोग इतर कॉलेजांत राखीव जागेसाठी आणि फी सवलतीसाठी. २०२४-२५ पासून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची पूर्ण शिक्षण फी माफ आहे, पण प्रवेश कॅपमधून हवा. संस्थास्तरावरून किंवा व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर माफी नाही.

---

दाखला_उतारा

तिसरा प्रश्न सगळ्यात जड आहे आणि बहुतेक जण तो जूनमध्ये आठवतात.

कॉलेज आधी बघतं शाळा सोडल्याचा दाखला. त्यावर 'हिंदू' आणि हातात बाप्तिस्म्याचा दाखला अशी विसंगती दिसली की एक तर अर्ज सर्वसाधारण यादीत टाकतात, नाहीतर पुरावा आणा म्हणतात. नुसत्या चर्चच्या दाखल्यावर भागेल असं समजू नका.

आत्ता करण्याचं:

बाप्तिस्म्याचा दाखला जिथे बाप्तिस्मा झाला त्या चर्चच्या नोंदवहीतून निघतो. आता ज्या चर्चला जाता तिथून नव्हे. गाव बदललं असेल तर त्या जुन्या चर्चच्या पाळकांना गाठा. कॅथलिक असाल तर त्या पॅरिशचं ऑफिस. नाव, जन्मतारीख आणि आईवडिलांची नावं दहावीच्या गुणपत्रिकेशी अक्षरशः जुळतात का बघा. 'रूथ' आणि 'रुथ'सुद्धा अडवतात.

शाळेतली नोंद बदलणं: शिकत असतानाच अर्ज केला तर सोपं पडतं. शाळा सोडल्यावर जनरल रजिस्टरमधली दुरुस्ती मुख्याध्यापक परस्पर करू शकत नाहीत, शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. सोबत प्रतिज्ञापत्र, बाप्तिस्म्याचा दाखला, आईवडिलांचे पुरावे. धर्मबदलाची नोंद राज्य राजपत्रातही प्रसिद्ध करता येते, ऑनलाइन अर्ज असतो. बारावी ज्युनिअर कॉलेजात असेल तर मूळ नोंद दहावीच्या शाळेतली, सुरुवात तिथून.

आता स्पष्ट बोलतो, राग नको. दोन दगडांवर पाय ठेवता येत नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्धांनाच आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये पुदुच्चेरीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने श्रद्धेने ख्रिस्ती राहून केवळ आरक्षणासाठी हिंदू म्हणवून घेणं हा राज्यघटनेशी कपट आहे, असं ठरवलं. एका अर्जात एससी आणि दुसऱ्यात ख्रिस्ती अल्पसंख्याक, असं केलं तर आज नाही तर जात पडताळणीत सापडतं, आणि तेव्हा पदवीही धोक्यात येते.

वाट आहे ती अशी. महाराष्ट्रात अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांचा समावेश ओबीसीत आहे. ते प्रमाणपत्र घ्या, सोबत नॉन-क्रीमिलेअर. पुरावे मागतात ते १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचे: आजोबा-पणजोबांचा शाळेचा उतारा, कोतवाल बुकातली नोंद असं काही. आजोबांच्या दाखल्यावर 'महार' आणि वडिलांच्या दाखल्यावर 'ख्रिस्ती' असेल तर साखळी उत्तम जुळते. तुमच्याकडे मुलीच्याच दाखल्यावर 'हिंदू महार' आहे म्हणून जास्त वेळ धरा.

आदिवासी ख्रिस्ती असाल तर हे काहीच लागू नाही. अनुसूचित जमातीचा दर्जा धर्म बदलल्याने जात नाही.

---

सीताबर्डी

विदर्भ सगळे विसरतात म्हणून एवढंच. हिस्लॉप कॉलेज १८८३ चं, स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याच्या नावाने. सेमिनरी हिल्सवरचं सेंट फ्रान्सिस डी सेल्स १९५६ चं, कॅथलिक. दोन्ही राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाला संलग्न. मुंबईची खोली, मेस आणि लोकलचा पास हिशेबात धरला तर अनुदानित बी.एससी. नागपुरात बऱ्याच स्वस्तात पडतं. आणि अहमदनगर कॉलेज दारात असताना मुंबई कशासाठी, याचंही उत्तर घरात आधी द्या. 'सेंट' लागलेलं हवं म्हणून तीन वर्षं चर्नी रोडला खोली भाड्याने घेणारे आहेत.

---

औंधकर

स्पायसरबद्दल गैरसमज फार.

संस्था सेव्हंथ-डे अ‍ॅडव्हेंटिस्टांची. १९१५ साली कोइमतूरला सुरू झाली, १९४२ मध्ये पुण्यात आली. पुणेकरांना विद्यापीठापेक्षा स्पायसरचा ब्राउन ब्रेड जास्त माहीत. २०१४ च्या राज्य कायद्याने ती 'स्पायसर अ‍ॅडव्हेंटिस्ट युनिव्हर्सिटी' झाली, म्हणजे राज्य खासगी विद्यापीठ, पदवी स्वतःची. अशा विद्यापीठाची पदवी सरकारी नोकरीला चालते, पण दोन गोष्टी तपासा: घ्यायचा कोर्स त्या विद्यापीठाच्या मंजूर यादीत आहे ना, आणि बी.एड.सारखा असेल तर त्या परिषदेची (बी.एड.ला एनसीटीई) चालू मान्यता आहे ना. २०१४ च्या आधीची कुणाची पदवी पाहून निष्कर्ष काढू नका, तेव्हाची रचना वेगळी होती.

शब्बाथ (त्यांचा विश्रांतीचा पवित्र दिवस) शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत. त्या काळात वर्ग, परीक्षा, खेळ बंद. शनिवारी क्लास किंवा स्पर्धा परीक्षांच्या टेस्ट सिरीज लावायच्या असतील तर हे आधी विचारात घ्या. आणि मघाची मुलींची फीमाफी खासगी विद्यापीठांना नाही.

ईश्वरविज्ञानाच्या पदव्या पूर्ण वेगळ्या. बिबवेवाडीचं युनियन बिब्लिकल सेमिनरी (आधी यवतमाळला, १९८३ पासून पुण्यात) सेरामपूर सिनेटशी (ईश्वरविज्ञानाच्या पदव्या देणारी संस्था) जोडलेलं आहे, नगर रोडचं ज्ञानदीप कॅथलिक. बी.एससी.ऐवजी हे नव्हे, एवढं लक्षात ठेवा.

---

कट्ट्यावरचा_पेपर

मध्येच विचारतो. मुलगा हिंदू आहे, सेंट अँड्र्यूजला बी.कॉम. विचार चालू आहे. धर्माचे तास सक्तीचे असतात का? आणि बीएमएसला सीईटी लागते म्हणतात ते काय?

---

खडू_आणि_फळा

सक्ती करता येत नाही. कलम २८(३) सांगतं की मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेत कुणालाही संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही, आणि अज्ञान मुलाच्या बाबतीत पालकांची संमती लागते. 'मूल्यशिक्षण' असा तास असेल तर तो सर्वांसाठी, त्यात बायबल शिकवत नाहीत. बिगर-ख्रिस्तींना उरलेल्या जागा गुणवत्तेवर. बारावीच्या टक्क्यांवर भिस्त ठेवा, ओळखीवर नव्हे.

बीएमएस: २०२४ पासून बीबीए, बीसीए, बीएमएस हे कोर्स एआयसीटीईच्या (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या) कक्षेत गेले आणि राज्याने त्यांना सीईटी लावली. त्यानंतर बऱ्याच कॉलेजांनी तोच अभ्यासक्रम 'बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज)' अशा नावाने ठेवला, त्याला सीईटी नाही. तेव्हा फॉर्मवरचं पूर्ण नाव वाचा. पहिलं नाव असेल आणि सीईटी दिली नसेल तर बारावीचे ९५ टक्केही कामाचे नाहीत.

---

नेवासे_फाटा

सगळ्यांचे आभार. बाप्तिस्म्याची नोंद श्रीरामपूरच्या जुन्या चर्चमध्ये आहे, या आठवड्यात जातो. दोन प्रश्न राहिले. ओबीसी प्रमाणपत्र जूनपर्यंत नाहीच मिळालं तर? आणि एका नातेवाइकाने 'ख्रिस्ती म्हणून मेडिकलला वेगळा कोटा असतो' असं डोक्यात भरवलंय.

---

दाखला_उतारा

प्रमाणपत्र आणि पडताळणी दोन्हींच्या अर्जांच्या पावत्या ठेवा. कॅपमध्ये पडताळणीची पावती कुठपर्यंत चालते ते त्या वर्षीच्या पुस्तिकेत असतं. मूळ प्रमाणपत्रच हातात नसेल तर मात्र ओबीसी रकाना भरू नका. ख्रिस्ती अल्पसंख्याक आणि ओबीसी हे दोन वेगळे दावे आहेत, पहिला दुसऱ्यावर अवलंबून नाही. शाळेची दुरुस्ती आधी उरका.

---

कॅप_राउंड

मेडिकलचं: महाराष्ट्रात ख्रिस्ती संस्थेचं एमबीबीएस कॉलेज नाही, त्यामुळे इथे तो कोटा कुणालाच नाही. नातेवाइकांच्या डोक्यात वेल्लोरचं सीएमसी (ख्रिश्चन मेडिकल कॉलेज) असावं. तिथे एमबीबीएसच्या १०० जागा, प्रवेश नीटच्या गुणांवर, आणि ख्रिस्ती जागांसाठी सीएमसीशी जोडलेल्या चर्च संस्थेचं प्रायोजकत्व लागतं. नंतर त्या संस्थेच्या रुग्णालयात दोन वर्षं काम करण्याचा करारही. प्रायोजकत्वाची प्रक्रिया नीटच्या निकालाच्या खूप आधी सुरू होते. तुमच्या डायोसिसच्या (धर्मप्रांताच्या) कार्यालयात 'या वर्षी नावं कधीपर्यंत घेताय' एवढंच विचारा. नीटचा अर्ज भरलेला नसेल तर हा विषय या वर्षापुरता मिटला.